ठोकळ्याची गाडी

६ सप्टेंबर, रविवार

ही डायरी लिफ्टच्या कंपनीने दिलेली. पहिल्या पानावर ठोकळ्याने स्वतःचं नाव आणि रक्तगट लिहिलाय, पुढे सगळं कोरं. एक ओळ लिहिली नाही कार्ट्याने. आता मी लिहिते.

ठोकळ्या म्हणजे आमचा मुलगा. हे नाव ह्यांनी ठेवलं. लहानपणापासून त्याच्या हातात प्लॅस्टिकचे ठोकळे, आणि लग्नाचं वय झालं तरी तेच. दिवसा लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, संध्याकाळी त्या ठोकळ्यांतून आगगाड्या उभ्या करायचा, त्यांत मोटर बसवून रुळावर पळवायचा. मार्चमध्ये कामावरून घरी येताना रस्त्यावर अपघातात गेला. अर्धवट गाडी टेबलावर तशीच राहिली.

आज त्याच्या मंडळाचे सचिव आले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून ठोकळ्या त्यांना चष्मेवाले म्हणायचा. त्यांनी मंडळाची एक रीत सांगितली. कुणी सदस्य गेला की त्याची शेवटची गाडी वार्षिक प्रदर्शनात दिवसभर चालवतात. संध्याकाळी सगळे टेबलाभोवती उभे राहतात, गाडी सुटी करतात आणि मूठ मूठ वाटून घेतात. प्रत्येकाने त्यातला एक तरी ठोकळा आपल्या पुढच्या गाडीत बसवायचा. ठोकळ्याच्या इंजिनातला पिवळा ठोकळा असाच कुणा म्हाताऱ्या सदस्याचा आहे म्हणे. मात्र सुटी करतात ती चालती गाडी. जी चालली नाही ती अर्धवट समजून घरी परत पाठवतात.

"आम्ही पूर्ण करून देऊ का, काकू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नको, मी करते." मला हाताला काहीतरी काम हवंच होतं. आणि त्याची वस्तू इथे धूळ खात पडण्यापेक्षा दहा जणांच्या गाड्यांत पळेल, त्याला हेच आवडलं असतं. प्रदर्शन नोव्हेंबरच्या शेवटी आहे. रोज काय बदललं ते लिहून ठेवा, असं त्यांनी बजावलं.

हे तेवढा वेळ चहा ढवळत बसले. ह्यांच्या चहात साखर नसते.

१३ सप्टेंबर, रविवार

ठोकळे रंगाप्रमाणे लावायला घेतले. त्याने आकाराप्रमाणे लावले होते, एकेका डब्यात सतरा रंगांची खिचडी. मला वाटलं, हा काय गबाळेपणा. माझ्या शिलाईच्या कारखान्यातून बटणांच्या रिकाम्या डब्या आणल्या आणि दिवस घालवला. मग लाल ठोकळ्यांच्या ढिगात एक लाल तुकडा शोधायला गेले आणि अक्कल आली. सगळ्या रंगांत एक आकार पटकन दिसतो, एका रंगाच्या ढिगात काही म्हणजे काही दिसत नाही. तोच शहाणा होता. सगळं पुन्हा ओतलं.

"आई, म्हटलं होतं ना," असं म्हणून हसला असता. मी डबीवर डोकं टेकून रडले. मग उठून भांडी घासली.

ह्यांनी डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहून दिली. ह्यांची एक खोड आहे, पट्टी कुठेही लावली की तिचं टोक दुमडून ठेवायचं, पुढच्या वेळी नखाने उकरायला नको. पाण्याच्या पंपघरात नोकरीला आहेत, तिथली सवय. आमच्या घरात मसाल्याच्या पुडीपासून औषधाच्या खोक्यापर्यंत सगळ्या पट्ट्यांना असे कान आहेत.

२० सप्टेंबर, रविवार

गाडीचे डबे तयार झाले. ढकलून बघितलं तर सरळ रुळावर झकास, वळण आलं की गाडी आडवी. रूळ वाकडे आहेत, टेबल वाकडं आहे, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. नाचता येईना, अंगण वाकडं. मग खाली वाकून डोळा रुळाच्या पातळीला आणला तेव्हा दिसलं. वळणावर दोन डब्यांचे कोपरे एकमेकांवर आदळत होते. मी डबे अगदी चिकटून जोडले होते, दिसायला छान म्हणून.

जन्मभर गणवेशाचं कापड बेतते मी. बाहीच्या गोलाईत माया, म्हणजे जादा कापड, सोडली नाही तर हात वर होत नाही, हे नव्या मुलींना ओरडून शिकवते. इथे स्वतःच विसरले. डब्यांमध्ये बोटभर अंतर सोडलं, आणि गाडी वळली.

ह्यांना दाखवलं. "हं," म्हणाले.

२७ सप्टेंबर, रविवार

चष्मेवाले मोटर शिकवायला आले. इंजिनात दोन मोटरी, एक पुढे, एक मागे, तोंडं विरुद्ध दिशांना. वायरच्या टोकाला एक चपटा ठोकळाच असतो. एका मोटरीचा तो उलटा फिरवून बसवायचा, नाहीतर एक पुढे ओढते, दुसरी मागे, आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते. मी म्हटलं, हे मला नव्याने सांगू नका, तीस वर्षांचा संसार आहे. ते हसले. हेही थोडेसे हसले.

दुसरी गोष्ट म्हणजे एक राखाडी पिन, नखाएवढी. पुढची चाकं तिच्यावर वळतात. जुन्या घडणीची, आता मिळत नाही, चष्मेवाल्यांकडेही नाही. तिला जपा म्हणाले.

आणि तिसरी गोष्ट, काहीही झालं तरी गोंद किंवा चिकटपट्टी लावायची नाही. मंडळात ते पाप समजतात. ठोकळा ठोकळ्याच्या जोरावरच टिकला पाहिजे.

बटण दाबलं आणि इंजिन चाललं. तोच आवाज. त्याच्या खोलीच्या दारातून रोज संध्याकाळी यायचा तो बारीक किरकिराट. मी टाळ्या वाजवल्या. मागे वळून बघते तर हे गॅलरीत, वाळत घातलेले कपडे काढत होते. कपडे ओलेच होते.

८ ऑक्टोबर, गुरुवार

कामावरून आले, जरा चालवून बघावी म्हटलं, तर पुढची चाकं हातात आली. पिन नाही. खोली झाडली, कपाट हलवलं. खालच्या वहिनींचं मांजर खिडकीतून येतं, त्याचंच काम असणार म्हणून वहिनींना चार शब्द ऐकवून आले. त्या बिचाऱ्या मांजराच्या वतीने माफी मागत होत्या.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

कपडे भिजवताना पिन सापडली. ह्यांच्या शर्टाच्या खिशात. म्हणाले, जमिनीवर पडलेली दिसली म्हणून उचलून ठेवली, सांगायचं विसरलो. काल मी जमिनीवर रांगत होते तेव्हा हे समोर खुर्चीत बसले होते. माणूस थकला की असं होतं. पहिल्या पाळीला पहाटे जातात, दुपारी घरी येऊन एकटेच बसतात. वहिनींची माफी मागायला हवी, पण लाज वाटते.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज मागच्या चाकांचा आस फिरेना. उघडला तर दोरा गुंडाळलेला, इतका घट्ट की कात्रीने कापावा लागला. गाठसुद्धा बसली होती. माझ्याच अंगावरून पडला असणार, कारखान्यातून येते तेव्हा मी दोऱ्यांचं चालतं झुडूपच असते. आता आल्यावर कपडे बदलल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. रविवारी सगळं नीट करावं आणि आठवड्याच्या मधे काहीतरी निघावं. आज बॅटरीच्या डब्यातली पत्र्याची पट्टी वाकलेली. मी आत कधी हात घातला, आठवत नाही. घातलाच नाही असंही म्हणवत नाही, हल्ली मला दूध गॅसवर ठेवलेलं आठवत नाही. कारखान्यात कापडाचा एक अख्खा थर उलटा कापला परवा. मास्तर काही बोलले नाहीत. पूर्वी बोलले असते.

मला जमणार नाही बहुतेक. मुलाचं एक शेवटचं काम, तेही धड होत नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

गाडी पुन्हा अडत होती आणि हे दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "अहो, नुसते बघता काय? हात लावा जरा."

"मला त्यातलं काय कळतंय," हे म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला नुसतं पंपघराच्या भिंतीला कान लावून आतलं कुठलं बेअरिंग गेलं ते सांगता येतं, त्याला बोटभर मोटर कळत नाही? "तुम्हाला त्याचं काही नकोच आहे," मी म्हटलं. "त्याचे कपडे मी आवरले. त्याच्या कंपनीत मी जाऊन आले. तुम्ही एकदा तरी त्याचं नाव घेतलंत का?"

हे खाली बसले. मग म्हणाले, "ते वाटून घेतात म्हणाले ना चष्मेवाले. मग कुठला ठोकळा कुणाकडे गेला, हे लिहून ठेवतात का?"

"कशाला लिहितील?"

"नाही, सहज. मागून कुणाला एकत्र करायचे झाले तर."

आता ह्या प्रश्नाचा आणि माझ्या बोलण्याचा काही संबंध? ताकास तूर लागू देत नाही हा माणूस. मी उठून स्वयंपाकाला लागले.

१५ नोव्हेंबर, रविवार

चष्मेवाले येऊन पूर्ण गाडी तपासून गेले. इंजिन आणि चार डबे, वळणं घेत गोल गोल पळत होती. "त्याने केली असती तशीच झाली," म्हणाले. इतकं कौतुक माझ्या लग्नातही कुणी केलं नव्हतं. ह्यांनी त्यांना खालपर्यंत पोचवलं. वर यायला बराच वेळ लावला.

२१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी शेवटचं चालवून बघितलं. ठणठणीत. मग खोक्यात भरायचं तर मला अर्ध्या दिवसाची हजेरी होती. हे आपणहून म्हणाले, "तू जा, मी भरून ठेवतो."

आले तर खोकं दाराशी तयार. प्रत्येक डबा जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला, इंजिन मधोमध. वरून पट्टी, टोक दुमडलेलं. अखेर हात लावला म्हणायचा. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशीच्या भांडणाबद्दल माफी मागितली. हे म्हणाले, "तसं काही नाही गं." माझ्याकडे बघत नव्हते.

उद्या येता का विचारलं. पाळी आहे म्हणाले. पाळी बदलून घेता येते, पण मी ताणलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

एका शाळेच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन होतं. टेबलंच टेबलं, त्यांवर पूल, बोगदे, स्टेशनं, सगळं ठोकळ्यांचं. आमच्या टेबलावर त्याच्या नावाची पाटी. मंडळाचे लोक एकेक करून माझ्याशी बोलून गेले. एक बाई म्हणाल्या, तुमच्या मुलाने मला मोटर जोडायला शिकवलं. मोठी माणसं, पण मुठी आधीच अर्धवट मिटल्यासारख्या वाटल्या मला. तसं नसेलही.

चष्मेवाल्यांनी गाडी रुळावर ठेवली आणि बटण माझ्या हातात दिलं. मी दाबलं.

गाडी गुरगुरली आणि हलली नाही. पुढची चाकं एकीकडे फिरत होती, मागची उलटीकडे. मी बंद केली. इतके महिने शिकले होते, काय झालं ते लगेच कळलं. एका मोटरीची वायर उलटी बसली आहे. प्रवासात सैल होऊन निघेल कदाचित, पण स्वतःहून फिरून उलटी बसणार नाही.

मी इंजिनाचं छत काढलं. आत, वायरच्या चपट्या ठोकळ्यावर, तो हलू नये म्हणून काळ्या चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा लावला होता. टोक दुमडलेलं.

शर्टातली पिन, दोऱ्याची गाठ, बॅटरीची वाकलेली पट्टी. दुपारी घरात ह्यांच्याशिवाय कोण असतं? मांजराला बोल लावला मी. स्वतःला वेडी ठरवलं. रागाने माझे कान तापले. आणि मग ह्यांचा तो प्रश्न आठवला, मागून कुणाला एकत्र करायचे झाले तर.

ती वायर सरळ करायला मला एक क्षण लागला असता. चष्मेवाले शेजारी उभे होते. "मी बघू का, काकू?"

मी छत परत बसवलं. "मोटर जळली," मी म्हटलं. "वास येतोय."

वास येत नव्हता. चष्मेवाले दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढतात, त्यांना ती पट्टी दिसली नसेल असं मला वाटत नाही. ते टेबलाभोवतीच्या लोकांना म्हणाले, "गाडी अर्धवट आहे. घरी जाईल. पुढच्या वर्षी बघू."

घरी आले तर मी बेल वाजवायच्या आत दार उघडलं. ह्यांच्या अंगावर घरचेच कपडे होते, पाळीला गेलेच नव्हते.

"चालली?"

"नाही."

ह्यांनी माझ्या हातातून खोकं घेतलं. "जड आहे," म्हणाले. ते जड नव्हतं. मग जमिनीवर बसून खोक्याची पट्टी सोडवायला लागले, आणि किती तरी वेळ त्यांना ती सोडवता येईना. टोक तर दुमडलेलंच होतं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

वहिनींची माफी मागून आले. मांजराचीही.

ह्यांना काही बोलले नाही. बोलायला गेले की राग येतो, आणि राग आला की पट्टीशी झटणारी ह्यांची ती बोटं दिसतात. घरात दोघं राहतो आणि मी म्हटलं ह्यांना त्याचं काही नको आहे.

१० डिसेंबर, गुरुवार

कारखान्यात वीज गेली म्हणून लवकर सोडलं. जिन्यातच आवाज ऐकू आला. तोच किरकिराट, वळणावर थोडा जड होणारा. मी किल्ली हातात धरून दाराबाहेर उभी राहिले. मधे गाडी थांबे, पुन्हा सुरू होई. एकदा हे काहीतरी बोललेही, बहुतेक गाडीशी. मी मुद्दाम किल्ल्या खूप वाजवल्या आणि मग दार उघडलं.

ह्यांनी गाडी लपवली नाही. टेबलापाशी बसले होते, पुढे पट्टीचा काळा तुकडा काढून ठेवलेला.

"वायर उलटी होती," म्हणाले. "सरळ केली."

"हो."

"मीच केली होती उलटी. तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग तिथे सगळ्यांसमोर सांगायचंस."

"तुम्ही घरी सांगायचंत."

मीही स्टूल ओढून बसले. मग ह्यांनी जे सांगितलं ते ह्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण असेल. म्हणाले, दवाखान्यात त्याला झाकलेलाच दाखवला. चेहऱ्यावरचं कापड काढू नका, डॉक्टर म्हणाले. मी काढलं नाही. मला वाटलं, ही गाडी, हेच एक आहे जे त्याने जसं ठेवलं तसं आहे. त्याने लावलेला ठोकळा त्याने लावलाय तिथेच आहे. तेही सुटं करून हातोहात वाटलं, तर मी दुपारी कुणाकडे बघू?

आणि मी काय करत होते तर ती गाडी पूर्ण करून देण्याच्या मागे. मला वाटायचं, मी खंबीर आहे. ह्यांच्या आधी मी रडून घेतलं, कपाट आवरलं, कंपनीचं सगळं निस्तरलं. काम संपवायची घाई झाली होती मला. संपवून काय मिळणार होतं?

आम्ही दोघं रडलो. पहिल्यांदा एकत्र. गाडी चालूच राहिली होती, ती बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, मग बॅटरी संपली.

१० जानेवारी, रविवार

हल्ली दुपारी हेच गाडी बघतात. चाकांना तेलाचा थेंब, रूळ पुसणं. आवाज बदलला की लगेच ओळखतात. मीही कामावरून आले की आधी जिन्यात थांबून ऐकते. चेहऱ्यावर थोडं मांस चढलंय.

आज जेवताना म्हणाले, "या वर्षी देऊन टाक."

"काय?"

"गाडी. चालतेय आता. चष्मेवाल्यांशी बोललो मी, दुकानात गेलो होतो. ते म्हणाले, तुम्हाला हवा तो एक ठोकळा आधी काढून ठेवा. मी पिवळा म्हटलं. तो तसाही दुसऱ्याचा आहे, पण त्याने हाताने लावलेला आहे." पाणी प्यायले. "त्याच्या मनासारखं होऊ दे. मी उगाच अडवून धरलं. तू मोठ्या मनाची आहेस, मला वेळ लागला."

मी मान हलवली. माझ्या ताटातला भात तसाच राहिला.

१७ जानेवारी, रविवार

चष्मेवाल्यांचा फोन. नोव्हेंबरचं टेबल आत्ताच नोंदवायचं का, गाडी कशी आहे?

हे शेजारीच होते. मी म्हटलं, "गाडी अडलीये हो. पुढची ती राखाडी पिन सापडत नाही."

हे चटकन उठून खोलीत गेले. मग रांगत कपाटाखाली बघू लागले, टॉर्च घेऊन, चादरी झटकून. मी खुर्चीत बसून होते. "मांजर तर नाही ना आलं?" आतून विचारलं ह्यांनी.

"आलं असेल," मी म्हटलं.

पिन माझ्या सुयांच्या डबीत आहे. झाकणावर पट्टी लावली आहे, टोक दुमडलेलं नाही.